केबलची तार, मुलाचा मोबाइल आणि एका वडिलांचे तीन प्रश्न

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी मी १९९८ पासून केबलचा व्यवसाय करतो. एके काळी साडेनऊशे जोडण्या होत्या. आता तीनशेही राहिलेल्या नाहीत. मुलगा यंदा दहावीत आहे. ज्या टीव्हीवर हे घर चालले, त्या टीव्हीकडे तो ढुंकून पाहत नाही. क्लासवरून आला की मोबाइलवर बीजीएमआय (पबजी या लढाईच्या गेमची भारतीय आवृत्ती), रोज तीन-चार तास, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. दिवाळीत त्याने माझ्या खात्यातून दोन हजार चारशे रुपये गेममध्ये घातले. मी मोबाइल काढून घेतला तेव्हा दोन दिवस नीट जेवला नाही, म्हणून त्याच्या आईने तो परत दिला. आमच्या लहानपणी टीव्हीचे वेड होते, पण सगळे घर एकत्र बसायचे. हा गेम टीव्हीपेक्षा वाईट आहे का? दहावी होईपर्यंत तो पूर्ण बंद करावा का? आणि 'मी ई-स्पोर्ट्समध्ये (म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत) करिअर करीन' असे तो म्हणतो, त्यात काही तथ्य आहे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र सावकाश वाचले, आणि मला त्यात दोन वेगळी पत्रे दिसली. एक दहावीतल्या मुलाच्या काळजीने अस्वस्थ झालेल्या वडिलांचे आहे. दुसरे, खांबाखांबावर चढून तारा ओढत पंचवीस वर्षांहून अधिक काळ उभा केलेला धंदा डोळ्यांदेखत ओसरताना पाहणाऱ्या माणसाचे आहे. दोन्ही दुःखे खरी आहेत आणि दोन्हींबद्दल मला मनापासून आस्था वाटते, परंतु आपल्या पत्रात ती एकमेकांत इतकी मिसळली आहेत की मुलगा गेम खेळतो म्हणून आपण चिडता की तो टीव्ही पाहत नाही म्हणून, हे आपले आपल्यालाही सांगता येईल असे वाटत नाही. 'ज्या टीव्हीवर हे घर चालले' हे आपले वाक्य मुलाच्या कानावर अनेकदा पडले असणार, आणि ते ऐकताना आपल्या हातून काहीतरी कृतघ्नपणा घडतो आहे असे पंधरा वर्षांच्या मुलाला वाटले असणार. तेव्हा पहिली विनंती ही की, कमी झालेल्या जोडण्यांचा हिशेब त्याच्या नावावर मांडू नका. त्या त्याच्यामुळे कमी झालेल्या नाहीत.

त्या कशाने कमी झाल्या, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, २०१९ च्या फेब्रुवारीत वाहिन्यांच्या दराची नवी पद्धत आली आणि ग्राहकाच्या बिलाचे गणितच बदलले; त्याच सुमारास स्वस्त डेटा घरोघरी पोचला होता. फिक्की ही उद्योजकांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या वार्षिक अहवालानुसार २०२४ मध्ये आपल्या देशात डिजिटल माध्यमांची उलाढाल प्रथमच टीव्हीच्या पुढे गेली. हे वारे देशभर वाहते आहे, आपल्या घरातल्या एका मुलाने मोबाइल खाली ठेवल्याने त्याची दिशा बदलणार नाही.

गेमचा आणि टीव्हीचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे पहिले यंत्र बाजारात आले. म्हणजे घरगुती व्हिडिओ गेमची सुरुवातच मुळी टीव्हीच्या पडद्यावर झाली. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात कॅसेट घालून खेळायचे गेमचे डबे टीव्हीच्या मागे तार खोचून लावले जात, आणि बातम्यांची वेळ झाली की मुलांना ती तार काढून उठावे लागे. घरात टीव्ही एक, माणसे पाच आणि रिमोट मोठ्यांच्या हातात, अशी ती व्यवस्था होती. गेमला तिच्यात दुय्यम जागा होती आणि मुलांना ती मान्य होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि पैसे न भरता, कोणाची परवानगी न मागता, माजघरातल्या कोपऱ्यात बसून खेळता येणारा गेम मुलाच्या तळहातावर आला. मग २०२० ची टाळेबंदी आली. त्या दिवसांत दूरदर्शनने १९८७-८८ सालचे 'रामायण' पुन्हा दाखवले, घरेच्या घरे पुन्हा टीव्हीसमोर बसली आणि आपल्यासारख्या व्यावसायिकांना काही महिने तरी जुने दिवस परत आल्यासारखे वाटले असेल. पण त्याच वर्षी आपला मुलगा पाचवीत गेला होता आणि पाचवीचे वर्ग मोबाइलवर भरत होते. मोबाइल त्याच्या हाती आपणच दिला, नाइलाजाने दिला, आणि शाळा उघडल्यावर तो परत कसा घ्यायचा हे आपल्यापैकी कोणालाच उमगले नाही.

आता आपला पहिला प्रश्न: गेम टीव्हीपेक्षा वाईट आहे का? याचे उत्तर देण्याआधी एक सामना नेमका कसा असतो ते सांगतो, कारण आपण तो दुरून पाहिला असेल, शेजारी बसून पाहिलेला दिसत नाही. शंभर खेळाडू विमानातून पॅराशूटने एका मोठ्या बेटावर उतरतात. उतरताना हाती काही नसते. रिकाम्या घरांत शिरून बंदूक, गोळ्या, हेल्मेट, मलमपट्टी जमवावी लागते. नकाशावर एक सुरक्षित वर्तुळ असते, ते थोड्या थोड्या वेळाने आक्रसत जाते आणि बाहेर राहिलेल्याचा जीव कमी होत जातो, म्हणून सगळे आत आत सरकतात आणि शेवटी एकच संघ उरतो. शेवटपर्यंत टिकले तर साधारण अर्धा तास लागतो. संघ बहुधा चौघांचा असतो आणि चौघे माइकवरून सतत बोलत असतात. शेवटच्या वर्तुळात गवतात पालथा पडलेला खेळाडू पावलांचा आवाज डाव्या कानात येतो की उजव्या, यावरून शत्रू कोणत्या बाजूला आहे हे ओळखत असतो. साथीदार जखमी होऊन कोसळला तर त्याला उठवायला दहाएक सेकंद त्याच्यापाशी थांबावे लागते, आणि त्या दहा सेकंदांत स्वतःवर गोळी येऊ शकते. नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून हाक येते, 'ताट वाढलंय, ठेव तो मोबाइल!' मुलगा खेकसतो, आईला वाईट वाटते, आणि घरात रात्रीचे भांडण सुरू होते.

त्याने आईवर खेकसणे चुकीचेच आहे आणि ते त्याला सांगितले पाहिजे. पण तो का खेकसतो हे कळले तर उपाय सापडतो. मालिका पाहणारा माणूस मध्येच उठून गेला तर मालिकेचे काही बिघडत नाही. उद्याच्या भागात आजचा निम्मा भाग पुन्हा दाखवला जातो. सामना सोडून उठलेला खेळाडू मात्र तिघा मित्रांना अडचणीत टाकतो, त्याची क्रमवारी घसरते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला बोलणी बसतात. टीव्हीने माणसाकडून फक्त पाहण्याची अपेक्षा केली. गेम मुलाला काम देतो, जबाबदारी देतो, चूक लगेच दाखवतो आणि यश आले तर तेही लगेच पदरात घालतो. दहावीच्या वर्षात ज्या मुलाला दिवसभर 'अजून किती राहिलंय' एवढेच ऐकू येते, त्याला 'तू होतास म्हणून वाचलो' हे मित्राचे शब्द किती मोलाचे वाटत असतील, याचा विचार करा. मुले टीव्ही सोडून गेमकडे का गेली, याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच आहे. चित्रांचा झगमगाट त्यामानाने गौण आहे.

तरीही गेम निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. टीव्हीनेही माणसाला गुंतवून ठेवण्याच्या युक्त्या केल्या. कथा ऐन रंगात आणून 'क्रमशः' करणे ही त्यांतली जुनी. मोबाइल गेमच्या युक्त्या मात्र फार बारकाईने बेतलेल्या असतात. रोज एकदा उघडले की बक्षीस, ओळीने काही दिवस उघडले की मोठे बक्षीस, ठरावीक आठवड्यांचा 'सीझन' आणि तो संपण्याआधी पुऱ्या करायच्या कामगिऱ्या, आणि सर्वांत घातक म्हणजे आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्या. या पेट्यांमागचे मानसशास्त्र आणि सोडतीच्या तिकिटामागचे मानसशास्त्र यांत फरक नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले ते याच कारणाने. टीव्हीची कोणतीही वाहिनी मुलाच्या हाताने वडिलांच्या बँक खात्यापर्यंत पोचली नव्हती. गेम पोचला. म्हणून तुलना करायचीच असेल तर मी असे म्हणेन की, खेळ म्हणून तो पुष्कळशा मालिकांपेक्षा मुलाच्या बुद्धीला अधिक चालना देतो, आणि दुकान म्हणून तो टीव्हीपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. आपण खेळाशी समझोता करावा आणि दुकानाशी मुळीच करू नये.

दुकानाचे आधी सांगतो, कारण तेथे विलंब नको. मुलगा आपल्याबरोबर वसुलीला येतो, ग्राहकांचे पैसे मोबाइलवर घेतो आणि आपला यूपीआय पिन त्याला ठाऊक आहे, असे पत्राच्या ओघात आपण लिहिले आहे. आज रात्रीच पिन बदला. वसुलीचे खाते आणि घरखर्चाचे खाते वेगळे करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल अशी सोय आहे, ती सुरू करा. आणि केवळ तेवढ्यावर विसंबू नका, कारण मुले रिडीम कोड (आधी पैसे भरून मिळणारा, खरेदीसाठी वापरायचा क्रमांक) विकत घेऊनही गेममध्ये पैसे भरतात आणि तो कोड अनेक पेमेंट अ‍ॅपवरून मिळतो. त्याचे गेमचे खाते कोणत्या जन्मतारखेने उघडले आहे हेही त्याच्यासमोर बसून पाहा. अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीन तासांहून अधिक खेळू न देण्याची मर्यादा बीजीएमआयमध्ये आहे, पण वय खोटे टाकले असेल तर ती लागू होत नाही, आणि तीन-चार तास खेळणाऱ्या मुलाने वय खरे टाकले असेल असे मला वाटत नाही.

दोन हजार चारशे रुपयांचे काय करायचे? ते विसरून जाऊ नका आणि त्यावरून रोज टोचूही नका. त्याला मिळणाऱ्या खाऊच्या आणि सणासुदीच्या पैशांतून दरमहा ठरावीक रक्कम वळती करा, वहीत मांडा, आणि पैसे फिटले की विषय संपला असे त्याला आत्ताच सांगा. 'वसुलीतून परत टाकणार होतो' असे तो म्हणाल्याचे आपण लिहिले आहे, ते मला त्या रकमेपेक्षा गंभीर वाटते. दुसऱ्याच्या पैशाने सध्या भागवून नंतर भरून काढू, ही सवय लागली तर ती पुढे आयुष्यभर छळते. तेवढ्यापुरते त्याच्याशी शांतपणे, पण पूर्ण गांभीर्याने बोला. बोलताना एक फरक मात्र लक्षात असू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे गेम त्यातून वेगळे ठेवले. आपला मुलगा जो गेम खेळतो तो त्या बंदीत येत नाही. 'जुगारी झालास' असे त्याला म्हणू नका, कारण ते खरे नाही, आणि एक खोटा आरोप झाला की आपले बाकीचे खरे बोलणेही तो ऐकणार नाही. मात्र त्याच मोबाइलवर रमीचे किंवा पैसे लावून क्रिकेटसारख्या खेळाचे संघ निवडण्याचे एखादे अ‍ॅप दिसले, तर तेथे चर्चेला जागा नाही.

आता आपला दुसरा प्रश्न, दहावीपर्यंत पूर्ण बंदी. बंदी घालू नये असे माझे मत आहे. बंदीचा परिणाम काय होतो हे याच गेमच्या बाबतीत देशाने पाहिले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी घातली; जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने भारतासाठी वेगळा आला; जुलै २०२२ मध्ये पुन्हा अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. सरकारची कारणे सुरक्षिततेची होती, ती वेगळी गोष्ट. पण या मधल्या काळात मुले अभ्यासाला बसली नाहीत, ती दुसऱ्या गेमकडे गेली आणि हा परतताच परत आली. घरातल्या बंदीतही हेच घडते: मुलगा मित्राच्या मोबाइलवर खेळतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचे खाते तर कधीच पुसून टाकू नका. तीन-चार वर्षांची क्रमवारी, मित्रांची यादी आणि मिळवलेली बक्षिसे त्यात असतात. ते पुसले तर त्याच्या मनात निर्माण होणारा राग एखादे बोर्डाचे वर्ष सहज गिळून टाकील.

त्याऐवजी मर्यादा घाला, आणि ती तासांत न घालता सामन्यांत घाला. 'नऊला बंद' असा नियम केला की नऊ वाजता सामना ऐन मध्यावर असतो आणि रोज भांडण होते. 'सव्वानऊनंतर नवा सामना सुरू करायचा नाही' असा नियम केला तर चालू सामना पावणेदहापर्यंत आपोआप संपतो आणि कोणाला ओरडावे लागत नाही. आठवड्याच्या दिवसांत रोज एक सामना, शनिवार-रविवारी दोन किंवा तीन, यापासून सुरुवात करा. मुलगा लगेच विचारील की, पहिल्या पाच मिनिटांत बाद झालो तर तो सामना धरायचा का. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्यालाच सुचवू द्या, नियम त्याच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि खाली दोघांनी सही करा. त्याच कागदावर हेही असू द्या की पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चमधली बोर्डाची परीक्षा चालू असताना सामना शून्य. आत्ता शांत डोक्याने मान्य केलेले शून्य तो पाळील. परीक्षेच्या आदल्या दिवशी अचानक लादलेले तो पाळणार नाही. दहानंतर घरातले सगळे मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतील, आणि सगळे म्हणजे आपला आणि त्याच्या आईचाही. मित्र रात्री दहानंतरच मोकळे होतात म्हणून खरे खेळणे रात्री रंगते आणि झोपेचे खोबरे होते. माझ्या मते गेममुळे अभ्यासाचे जे नुकसान होते त्यातले बरेचसे या गेलेल्या झोपेतून होते, खेळण्यात गेलेल्या वेळातून त्या मानाने कमी.

दोन दिवस नीट जेवला नाही म्हणून त्याला व्यसन लागले, असे मी म्हणणार नाही. तो हट्ट होता, आणि मोबाइल परत मिळाल्याने तो यशस्वी झाला. पण खरी लक्षणे कोणती ते आपल्याला ठाऊक असावे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे, बाकी सगळ्या आवडी आणि रोजची कामे मागे पडून गेमलाच अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे, या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि साधारणपणे हे वर्षभर टिकलेले असावे लागते. आपला मुलगा क्लासला जातो, वसुलीला आपल्याबरोबर येतो, शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे असेही आपण लिहिले आहे. हे चित्र आजाराचे नाही. पुढे त्याने कबड्डी सोडली, शाळा बुडवू लागला, आंघोळ-जेवण टाळू लागला किंवा 'जगून काय करू' असे काही बोलला, तर मात्र एक दिवसही वाट पाहू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

तिसरा प्रश्न करिअरचा. मुलगा जे म्हणतो त्यात तथ्य आहे, पण त्याला वाटते तेवढे नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदके होती आणि पबजी मोबाइलची एक आवृत्तीही त्यांत होती. म्हणजे 'हा काय खेळ आहे का' हा वाद आता संपला आहे. पण उमेदवार किती आणि जागा किती, हे त्याला आकड्यांत दाखवा. या गेममध्ये ब्राँझपासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरची कॉन्करर ही पायरी आघाडीच्या पाचशे खेळाडूंनाच मिळते; त्या पाचशेंतलेही सगळे व्यावसायिक संघांत पोचत नाहीत. 'तू आज कोणत्या पायरीवर आहेस आणि मागच्या सीझनला कोणत्या होतास?' असे त्याला कुतूहलाने विचारा. या उत्तरातून त्याचे त्यालाच पुष्कळ कळेल, आणि वडिलांना पायऱ्यांची नावे माहीत आहेत याचे त्याला जे आश्चर्य वाटेल त्याचा पुढच्या प्रत्येक बोलण्यात उपयोग होईल.

गेम खेळून पोट भरणारे थोडे असतात. गेम बनवून भरणारे त्यांच्याहून बरेच अधिक, आणि ही कामे आपल्यापासून फार दूर नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा आपल्या पुराणकथांवर आणि राजस्थानी वास्तुकलेवर बेतलेला गेम काढला आणि तो जगभर खेळला गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा आपल्या मुलाच्या आवडीच्या प्रकारातला गेम आणला. अशा कामाला प्रोग्रामर लागतात, चित्रकार लागतात, ध्वनी आणि कथा लिहिणारे लागतात, गेम तपासणारे लागतात. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि २०२५ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था याच क्षेत्रासाठी सुरू झाली. या वाटांपैकी एकही वाट दहावी-बारावी टाळून जात नाही. एप्रिल-मे महिन्यांच्या सुट्टीत आपल्या कार्यालयातल्या संगणकावर त्याला गोडो हे गेम बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर टाकून द्या आणि एक छोटा गेम बनवायला सांगा. आठवड्यात कंटाळला तर त्याची आवड खेळण्याची आहे हे कळेल; महिनाभर चिकटून बसला तर आपल्याला त्याच्या पुढच्या शिक्षणाचा विचार वेगळ्या तऱ्हेने करावा लागेल. दोन्हींपैकी काहीही कळले तरी ते अकरावीच्या प्रवेशाआधी कळलेले बरे.

'सगळे घर एकत्र बसायचे' हे आपले वाक्य माझ्या मनात राहिले. टीव्हीचे हे देणे फार मोठे होते, आणि ते गेले याची हळहळ मलाही वाटते. मराठी घरात संध्याकाळी मराठी ऐकू येत होते ते पुष्कळदा टीव्हीमुळे. आजी, सून आणि नातू एकाच मालिकेबद्दल तावातावाने बोलत होते. गेमच्या माइकवर मुले बहुधा हिंदीत बोलतात, तेही तुटक हुकमांच्या हिंदीत. हे नुकसान कोणत्याही अहवालात मोजले जात नाही, पण ते होते आहे. मात्र टीव्हीचा पडदा आपल्या घरात अजून भिंतीवर आहे. २०२२ मध्ये बीजीएमआयची एक मोठी स्पर्धा स्टार स्पोर्ट्सच्या वाहिनीवर थेट दाखवली गेली होती. कदाचित ती आपल्याच तारेतून गावात पोचली असेल. आजही मोठ्या स्पर्धा यूट्यूबवर दिसतात. येत्या रविवारी अशी एक स्पर्धा घरच्या टीव्हीवर लावा, मुलाला शेजारी बसवा आणि काय चालले आहे ते मराठीत समजावून सांगायला सांगा, जसे आपण त्याला कधी काळी कबड्डीचे नियम सांगितले असतील. घरात आजी असतील तर त्यांनाही बसू द्या. त्यांच्या मालिकेची वेळ तेवढी सांभाळा.

शेवटी आपल्या धंद्याविषयी, कारण तो विषय पत्रात प्रश्नाच्या रूपात नसला तरी पानोपानी आहे. तालुक्याच्या गावांत अनेक केबल व्यावसायिकांनी त्याच खांबांवरून फायबर टाकून इंटरनेट द्यायला सुरुवात केली आहे. आपणही तसा विचार करत आहात आणि धीर होत नाही, असे आपण ओझरते लिहिले आहे. हिशेबाचा निर्णय आपला आहे. त्यात मी पडणार नाही. एवढेच सुचवतो की, या बाबतीत गावातला जाणकार ग्राहक आपल्याच घरात आहे. गेम खेळणाऱ्यांना वेगाच्या मोठ्या आकड्यापेक्षा पिंग महत्त्वाचे असते. म्हणजे आपण बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो चाळीस मिलिसेकंद असेल तर खेळ सुरळीत चालतो, दोनशे झाला तर गोळी झाडण्याआधीच आपण बाद झालेलो असतो. संध्याकाळी आठ ते दहा या वेळेत गावातल्या कोणत्या भागात पिंग वाढते, कोणाचे नेट तेव्हा अडखळते, कोणते घर जोडणी बदलायला तयार आहे, हे त्याला आणि त्याच्या मित्रांना तोंडपाठ असेल. परीक्षा संपल्यावर त्याला एखाद्या दुपारी दुकानात बसवा आणि ही माहिती गावाच्या नकाशावर मांडायला सांगा. वसुलीची पावती फाडण्यापेक्षा या कामात त्याचे मन अधिक लागेल, आणि आपल्यालाही त्याच्याकडून काही शिकता येईल.

पूर्वपरीक्षा झाल्यावर तो कागद कितपत पाळला गेला ते मला अवश्य कळवा. नियम मोडला गेला असेल तर तो कुठे मोडला हेही लिहा, म्हणजे त्यात काय बदलायचे ते पुढच्या पत्रात पाहता येईल.